नळीवरचा अंगठा

शनिवारी सकाळी कॅझ प्रुसाकने तळघरातल्या ओल्या पेटीचं दार उघडलं आणि त्याला नळीवर अंगठा दिसला. म्हणजे अंगठ्याचा ठसा. बाकी सगळ्या नळीवर रात्रभरात गंज अगदी हवा तसा धरला होता, पिवळसर तांबूस, एकसारखा. आणि बरोबर मधोमध तेवढी एक जागा उघडी राहिली होती, लांबट, गोल डोक्याची, आत बारीक बारीक रेघा. तेलकट बोट लागलं की तिथे गंज चढवायचं औषध धरत नाही. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं, उभ्या जन्मात त्याने लोखंडाशिवाय दुसरं काही हाताळलं नव्हतं. म्हणूनच तर सोड्याच्या पाण्यात उकळून काढल्यापासून, म्हणजे बुधवारपासून, त्याने या रिव्हॉल्व्हरच्या एकाही भागाला उघडा हात लावला नव्हता. रबरी हातमोज्यांचं खोकं तिथेच बाकावर होतं, वापरलेले मोजे डब्यात होते, सगळं जिथल्या तिथे होतं. त्याने नळी तारेच्या आकड्यासकट बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. ठशाच्या आरपार एक तिरकी रेघ गेली होती. पोलादावरचा जुना ओरखडा असेल, असं त्याने धरून चाललं. घरात माणसं दोनच, तो आणि लॉरेटा. आणि लॉरेटा गुडघ्यापायी गेल्या ईस्टरपासून हा जिना उतरली नव्हती.

कुणीतरी येऊन गेलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या शब्दांचाच त्याला राग आला, कारण ते त्याचे नव्हते. ते त्याच्या बापाचे होते. शेवटच्या दोन वर्षांत म्हातारा दिवसातून दहादा ते म्हणायचा. चष्मा सापडेना, कुणीतरी येऊन गेलं. दुधाची बाटली चुलीखाली निघाली, कुणीतरी येऊन गेलं. आई आधी हसायची, मग चिडायची, मग नुसती हो म्हणायची. रिव्हॉल्व्हरही बापाचंच. रेल्वेच्या यार्डात पहारा करताना तीस वर्षं ते त्याच्या कमरेला होतं, आणि तीस वर्षांच्या चामड्याने नळीच्या तोंडाचा आणि चक्रीच्या कडांचा काळा रंग पुसून पोलाद पांढरं केलं होतं. मुठीमागे, जिथे तळहात दाबतो, तिथे घामाने बारीक खड्डे पडले होते. बापाचा हात कसा बसायचा हे त्या खड्ड्यांवरून आजही सांगता आलं असतं. आईने ते एक दिवस आपल्या भावाला, स्टॅशमामाला देऊन टाकलं. मामा गेल्या पानगळीत गेला आणि मामीने रीतसर कागद करून ते कॅझकडे पाठवलं, हॅमच्या रिकाम्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. तुझ्या बापाची आठवण, असं वर लिहिलं होतं. आठवणीच हव्या होत्या तर इतर पुष्कळ होत्या.

कॅझ ते एखाद्या दुकानात देऊन करून घेऊ शकला असता. पण आयुष्यभर हत्यारं आणि साचे घडवलेला माणूस आपलं लोखंड दुसऱ्याच्या हाती देत नाही. शिवाय दुकानातला रंग एका बुडीत होतो. कॅझला जुनी रीत ठाऊक होती, जिला आठवडा लागतो. औषधाचा हलका हात फिरवायचा, ओल्या पेटीत टांगून गंज धरू द्यायचा, शुद्ध पाण्यात उकळायचं की तांबडा गंज काळा होतो, मग तारेच्या चोथ्याने सैल धूळ झाडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच हात, सहा हात. गंजानेच गंजाला अडवायचं. यात घाई चालत नाही, आणि उघडं बोट चालत नाही. लॉरेटाने विचारलं होतं, कशाला हा उद्योग, कुणावर झाडायचंय? त्याला नीट उत्तर देता आलं नव्हतं. खरं उत्तर असं होतं की त्याला ते नवं करायचं होतं. बापाच्या कमरेला पहिल्या दिवशी होतं तेवढं नवं, म्हणजे त्या एका दुपारच्या फार आधीचं. हे वेडं होतं हे त्याला कळत होतं. पण माणूस एकाहत्तर वर्षांचा झाला की त्याला वेडेपणाची थोडी मुभा असावी.

ती दुपार. पहिली पाळी संपवून तो आईकडे बटाट्यांचं पोतं टाकायला गेला होता. मागचं दार उघडंच. स्वयंपाकघरात बाप खुर्चीवर ताठ बसलेला, दाढी केलेली, रविवारचा कोट घातलेला, आणि हातात हे रिव्हॉल्व्हर, नळी भांडारखोलीच्या दाराकडे. दारात आई. तिच्या हातात लोणच्यातल्या बीटाची बरणी. दोन तास ती तशी उभी होती, हे नंतर कळलं. हलली की बाप अगदी अदबीने म्हणायचा, "बाई, जरा तिथंच थांबता का?" ओरडला नाही, शिवी दिली नाही. यार्डात मालगाडीत चढलेल्या भुरट्या चोराशीही तो तसाच बोलायचा, आणि त्याबद्दल त्याला मान होता. कॅझ म्हणाला होता, "बाबा, पाहुण्या आहेत त्या. बसू द्या ना त्यांना." बाप ओशाळला. "मग आधी सांगायचं नाही का रे," म्हणाला, आणि लगेच रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं, मूठ पुढे करून, जसं द्यावं तसं. आईने बरणी टेबलावर ठेवली, पण तिची बोटं बरणीवरून सुटेनात. कॅझने एकेक बोट सोडवलं होतं. त्या बोटांचा गारठा त्याला अजून आपल्या हातात जाणवायचा, विशेषतः सकाळी, विशेषतः नोव्हेंबरात.

तो जिना चढून वर आला. चर्चच्या विक्रीसाठी लॉरेटा बारा डझन पिएरोगी करत होती. टेबलभर पिठाच्या चकत्या, मध्ये बटाट्याचं आणि चीजचं सारण, आणि तिची बोटं चकती दुमडून कड चिमटत चाललेली. खिडकीबाहेर तळ्यावरून आलेला ओला बर्फ पडत होता. कॅझ दारातच उभा राहिला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला. बेचाळीस वर्षं बघितलेले हात, पण आज त्यांच्याकडे तो चोराच्या हातांकडे बघावं तसा बघत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

"काय रे, उंदीर दिसला का खाली?" ती मान वर न करता म्हणाली.

"तू खाली उतरली होतीस?"

"हो तर! रोज उतरते. नाचायला."

"लॉरेटा, चेष्टा नको. काल, परवा, कधी? माझ्या वस्तूंना हात लावलास?"

"तुझ्या वस्तूंना हात लावायला मला गुडघे कुणाचे आणू? तुझ्या बहिणीचे?" तिने कड चिमटली, पिएरोगी ताटात टाकली. "काय हरवलंय?"

"हरवलं काही नाही. नळीवर बोट उमटलंय."

यावर ती थांबली. अगदी क्षणभर, पण थांबली. आणि कॅझच्या मनाने ते लगेच टिपलं. संशयाला कोंब फुटायला पाणी लागत नाही. ही का थांबली? गुडघा दुखतो म्हणते, पण परवा मार्सीचा फोन आला तेव्हा किती चटकन उठली होती. मार्सीचा फोन आला की ती दार लोटून घेते. मुलगी पिट्सबर्गला, आई इथे, आणि दोघींचं काहीतरी चाललंय. हल्ली लॉरेटा विसरायचीही फार. आपण सांगितलेलं तिला आठवत नाही आणि उलट म्हणते, तू सांगितलंच नाहीस. गाडीची किल्ली तिनेच कुठेतरी ठेवली आणि दोन दिवस तो शोधत बसला. तीच उतरली असेल आणि विसरली असेल. हा विचार आला आणि त्याला तिची कणव आली. बिचारी लॉरेटा. बापाचं जे झालं ते आता हिचं होणार, आणि आपल्याला ते पुन्हा पहिल्यापासून बघावं लागणार. तिला सांभाळायचं, त्याने मनाशी ठरवलं. ओरडायचं नाही, आईसारखं नुसतं हो म्हणायचं.

"तुझा अंगठा दाखव," तो मऊ आवाजात म्हणाला.

"अगं बाई! आता पोलीस झाला हा." पण तिने अंगठा पुढे केला नाही, टेबलावर एक उरलेला पिठाचा गोळा होता, त्यावर तो दाबला. "घे. ठेव जपून. कोर्टात दाखव."

ठसा लहान होता. रुंद, आखूड, रेघा अखंड. नळीवरचा लांबट होता. कॅझ बघत राहिला.

"बघून झालं? आता तुझा," लॉरेटा म्हणाली. तिचा आवाज चेष्टेचाच होता, पण डोळे चेष्टेचे नव्हते. "न्याय तो न्याय. दाब."

त्याने दाबला. बोट उचललं. पिठात लांबट, गोल डोक्याचा अंगठा उमटला होता, आणि त्याच्या आरपार एक तिरकी रेघ. शहाऐंशी साली कारखान्यात फिरत्या पात्याने अंगठा फाडला होता, सात टाके पडले होते. इतकी वर्षं तो वण त्याच्या हातावर होता आणि कितीतरी वर्षांत त्याने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आपल्याच अंगावरची वस्तू कोण बघतं! तो जिना उतरला, भिंग घेतलं, नळी दिव्याखाली धरली. ओरखडा नव्हता तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण हसू येत नव्हतं.

तो स्टुलावर बसला. आधी त्याने आठवायचा प्रयत्न केला. शुक्रवारी दुपारी तिसरा हात दिला, मोजे घालून, कापसाच्या बोळ्याने, नळी लांबसडक ओढीत. हे त्याला लख्ख आठवत होतं, मोज्यांच्या आतला घामसुद्धा. पण त्याच्या आधी, किंवा नंतर, कधीतरी तो इथे मोज्यांशिवाय उभा होता. नळी हातात घेऊन. किती वेळ? काय करत होता? त्या वेळेच्या जागी नळीवरच्या ठशासारखीच एक उघडी जागा होती, तिथे काहीच धरलं नव्हतं. आणि एक जागा दिसली की बाकीच्याही दिसू लागतात. ऑगस्टमध्ये तो बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकासमोर गाडीत बसलेला सापडला होता, जेवणाचा डबा मांडीवर. पहारेकरी ओळखीचा निघाला म्हणून हसण्यावारी गेलं. किल्ली. किल्ली त्याच्याच बुटात सापडली होती, आणि लॉरेटाने ती तिथे ठेवली असं त्याने तिला ऐकवलं होतं, मोठ्याने. बापाला कळलं असेल का कधी? एखाद्या सकाळी, दाढी करताना, असं लख्ख? कळलं असेल तर त्याने कुणाला सांगितलं नाही. कॅझला भीती वाटली. मरणाची नव्हे. भीती होती ती त्या अदबीची. एक दिवस आपणही आपल्या बायकोशी इतक्या सभ्यपणे बोलू, याची.

चक्री पेटीत वेगळ्या आकड्यावर टांगली होती, सहा घरांचा लोखंडी गड्डा, त्याशिवाय रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसता हातोडा. त्याने ती काढली, तिसऱ्या हाताचा गंज अजून कच्चा होता, पण काढली, फडक्यात गुंडाळली आणि वर नेली.

"हे घे," तो म्हणाला. "कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."

लॉरेटाने हात पुसले. गाठोडं घेतलं. तिने काही विचारलं नाही, आणि त्यावरूनच त्याला कळलं.

"तुला ठाऊक होतं."

"काडतुसं मी मार्चमध्येच मार्सीकडे दिली. तुझ्या शिकारीच्या बंदुकाही. तू एकदाही विचारलं नाहीस. आणि हा डबा आला तेव्हा वाटलं, रिव्हॉल्व्हर रिकामंच तर आहे, तुझे हात गुंतलेले राहतील." ती खुर्चीवर बसली. "चुकलं माझं."

"मार्चमध्ये काय झालं होतं?"

"काही नाही रे."

"लॉरेटा."

"तू मला विचारलंस, बाथरूम कुठे आहे. आपल्याच घरात. आणि मी दाखवल्यावर थँक्यू म्हणालास." ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा थँक्यू म्हणालास, मेल्या."

तो तिच्यापाशी खाली बसला, जमिनीवरच, आणि डोकं तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्याला लावलं. तिने पिठाचा हात त्याच्या केसांवर ठेवला. सोमवारी डॉक्टरकडे जायचं ठरलं. मार्सीला संध्याकाळी फोन करायचं ठरलं.

"मी मागितलं तरी द्यायचं नाही," तो म्हणाला. "मी ओरडलो तरी. शपथ घे."

"आणि तू रडलास तर?"

"तेव्हा तर मुळीच नाही."

तिने शपथ घेतली. मग कॅझ सुताराची जाड पेन्सिल आणि चिकटपट्टी घेऊन खाली गेला. साच्यांवर नावं घालायचा तसं, उभ्या ठसठशीत अक्षरांत त्याने लिहिलं: चक्री लॉरेटाकडे आहे. मीच दिली. विचारायचं नाही. — कॅझ. पट्टी पेटीच्या दारावर आतून लावली. मग पाणी तापायला ठेवलं, मोजे घातले आणि नळी उकळत्या पाण्यात सोडली, कारण अर्धं काम टाकून देणं त्याला कधी जमलं नव्हतं. वीस मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा सगळा तांबडा गंज काळा मखमली झाला होता आणि अंगठा तसाच होता, फिका, स्पष्ट, वणासकट. घासून काढता आला असता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली असती. त्याने काढला नाही. राहू दे, त्याला वाटलं. कुणाचं आहे ते कळायला बरं. हलक्या हाताने त्याने धूळ झाडली, चौथा हात दिला आणि नळी पेटीत टांगली. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. दुपारी त्याने आठ पिएरोगी खाल्ल्या, लोण्यातल्या कांद्याबरोबर, आणि लॉरेटा म्हणाली, चर्चला काय ताटं चाटायला द्यायची का. मग तो आरामखुर्चीत बसला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि सगळ्या गोष्टींच्या कडा त्यात हळूहळू बुजत होत्या.

त्याला जाग आली तेव्हा उजेड राखी झाला होता, आणि काहीतरी काम राहिलं होतं. काय ते हातांना ठाऊक होतं. तो जिना उतरला. तळघरात सोड्याचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता, चांगला वास, कामाचा. त्याने पेटीचं दार उघडलं. नळी होती. सांगाडा होता, आकड्यावर, चाप, घोडा, मूठ सगळ्यासकट. शेजारचा आकडा रिकामा होता.

त्याने खाली पाहिलं, पेटीच्या तळाशी, पाण्याच्या थाळीत. बाकावर. बाकाखाली. चक्री नव्हती. त्याने नळी दिव्याखाली धरली, आणि नव्याने धरत असलेल्या गंजात मधोमध एक अंगठा होता. लांबट, गोल डोक्याचा. कुणाचा तरी. त्याने तर मोज्यांशिवाय एकाही भागाला हात लावला नव्हता. कुणीतरी येऊन गेलं. वर फळ्या वाजल्या, स्वयंपाकघरातून कुणीतरी चालत गेलं, जड, एका पायावर जोर देत; थांबलं; परत आलं. बाईमाणसाची पावलं. कोण असेल ती? त्याने पेटीचं दार लावायला ओढलं, तेव्हा आतल्या बाजूची पट्टी दिसली. पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, दोनदा वाचलं. खाली त्याचं नाव होतं. उभी ठसठशीत अक्षरं, कॅझचा तो शेपटीचा झ सुद्धा. किती मेहनत घेतली असेल कुणी! कुणीतरी त्याचं अक्षर हुबेहूब काढलं होतं.

त्याला राग आला नाही. उलट डोकं अगदी स्वच्छ झालं, थंडीतल्या हवेसारखं. आरडाओरडा करायचा नाही. परक्या माणसाशीही नीट बोलावं, घर आपलं असलं म्हणून काय झालं. बापाने त्याला दुसरं काही शिकवलं नसलं तरी एवढं शिकवलं होतं. त्याने आकड्यावरून सांगाडा काढला. मूठ हातात घेतली. मुठीमागच्या खड्ड्यांत त्याचा तळहात बरोबर बसला, जणू ते त्याच्याच घामाने पडले होते. तो सावकाश जिना चढला, फळी न वाजवता, आणि वरच्या पायरीवर थांबला. उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. एक पांढऱ्या केसांची बाई भांडारखोलीच्या दारात उभी होती, तिच्या दोन्ही हातांत पिठाचं ताट होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"बाई," कॅझ अगदी अदबीने म्हणाला, "जरा तिथंच थांबता का?"